नाखवांच्या घरातला ताप

वनिता नाखवांना कुठलीही गोष्ट विनाकारण चालू राहिलेली खपायची नाही. स्टाफरूममागचा नळ थेंबथेंब गळत असला की बोलणं अर्ध्यात टाकून त्या उठायच्या. रिकाम्या वर्गांतले पंखे बंद करत करत जिना उतरायच्या. एकदा वार्षिक सभेत प्राचार्यांचं भाषण रंगात आलं होतं आणि बाहेर पाण्याची मोटर कुणीतरी विसरलं होतं. टाकी भरून पाणी भिंतीवरून वाहायला लागलं. मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या, सगळ्यांच्या देखत बाहेर गेल्या, मोटर बंद केली आणि परत येऊन बसल्या. प्राचार्य थांबून बघत होते.

"चालू कुणीही करतं, सर," त्या म्हणाल्या. "बंद कुणी करायचं?"

सभा हसली. त्या हसल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, बाई जरा तिरसट दिसतेय.

वादळात आमच्या बाजूच्या पोफळी आडव्या झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षी त्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला आल्या. मी तिथं मराठी शिकवायचे. तालुक्याचं गाव, पुढं समुद्र, मागं वाड्या, त्यातल्या निम्म्या झाडांना अजून शेंडे नव्हते. अशा ठिकाणी डॉक्टरेट केलेली, मोठ्या प्रयोगशाळेत कितीतरी वर्षं संशोधन केलेली बाई अकरावी-बारावीला शिकवायला का येईल, यावर स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली. बाहेर जमलं नसेल, असं ठरलं. गंमत म्हणजे त्या बाहेरच्या नव्हत्याच. आमच्याच बंदरावरच्या कोळीवाड्यातल्या. वडिलांची स्वतःची होडी होती, आणि लहानपणी याच बाजारात आईच्या पाटीशेजारी बसून त्यांनी बोंबील विकले होते.

डब्यात बहुतेक सोडे किंवा जवळा असायचा. पहिल्याच दिवशी कुणीतरी नाकाला पदर लावला. मॅडमनी शांतपणे खिडकी उघडली. "वास जाऊ दे बाहेर. मी मात्र इथंच जेवणार." आणि खरंच तिथंच जेवल्या, रोज. पुढं पुढं त्यांच्या डब्यातला जवळा उचलायला मीच पहिली असायचे. माझं माहेर माणगावाजवळचं, भातशेतीवाल्यांचं. आमच्याकडे सुकी मासळी लागतेच. "मोरेबाई, थोडा ठेवा मला," एवढंच त्या म्हणायच्या.

त्यांचं शिकवणं मी एकदाच पूर्ण ऐकलं. माझा तास मोकळा होता आणि त्यांच्या प्रयोगशाळेतला पंखा बरा होता, म्हणून पेपर तपासायला मागच्या बाकावर जाऊन बसले होते. पूनम नावाची मुलगी हाताला फडकं गुंडाळून आली होती.

"काय झालं गं?"

"शिंगाला लागला, मॅडम. काल मासली निवडताना."

शिंगाळा माशाचा काटा विषारी असतो, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही माहीत. मॅडमनी फडकं सोडायला लावलं. हात टरारून सुजला होता. लाल, गरम, हात लावला तरी ठणकणारा.

"याला दाह म्हणतात," मॅडम वर्गाला म्हणाल्या. "काट्याचं विष आहेच. पण ही सूज बरीचशी पूनमच्याच शरीरानं आणलीये. लढायला पेशी बोलावल्या, रक्त बोलावलं. त्यासाठी लागणारी जनुकं तिच्या बोटात आहेत. आता मला सांगा, काल सकाळीही तीच जनुकं याच बोटात होती. मग काल सकाळी बोट का नव्हतं सुजलं?"

"काटा नव्हता लागला म्हणून."

"बरोबर. पण जनुकाला कसं कळलं, काटा लागला ते?"

मॅडमनी पर्समधून नायलॉनची दोरी काढली, जाळ्याची असते तसली. तिला एक गाठ मारली. "हे सूज आणणारं जनुक." मग हातभर सोडून दुसरी गाठ मारली. "आणि हा एक तुकडा. यातून शरीराला लागणारं काहीच तयार होत नाही. पुष्कळ वर्षं मोठमोठे लोक याला कचरा म्हणायचे. आपल्या डीएनएतला फार मोठा भाग असा आहे. पण काटा शिरला की पेशीत एक निरोप्या प्रथिन जागं होतं, थेट आत केंद्रकात जातं आणि या कचऱ्यावर येऊन बसतं. मग बघा." त्यांनी दोरी दुमडली. लांबची गाठ जवळच्या गाठीला येऊन टेकली. "आता जनुक कामाला लागलं. किती जोरात, किती वेळ, हे जनुक ठरवत नाही. हा तुकडा ठरवतो."

"आणि बंद कवा होतो?" पूनमनं विचारलं.

"काम झालं की बंद करणारी प्रथिनंही तयार होतात. ती अशाच तुकड्यांवर येऊन बसतात. दोरी सुटते, सूज उतरते. तुझा हात उतरेल तीन-चार दिवसांत."

"आणि नाय उतरला तर?"

मॅडमनी दोरी सोडली, हातावर गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवून दिली. घंटा व्हायला वेळ होता, तरी त्यांनी वर्ग सोडला.

नाही उतरला तर काय होतं, ते मी त्यांच्या घरी पाहिलं.

सहामाहीच्या वेळी त्या काही न कळवता आल्या नाहीत, म्हणून प्राचार्यांनी मला कोळीवाड्यात पाठवलं. अंगणात मांदेली वाळत होती. ओटीवर खाटेवर त्यांचा धाकटा भाऊ दिनेश पडला होता. दोन्ही गुडघे नारळाएवढे झालेले, अंगात ताप आणि पोट असं ताठ की चादरीचा भार सोसवत नव्हता. बायको सुरेखा उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. एवढ्यातही त्यानं मला हसून बसायला सांगितलं.

"या बाई. घाबरू नका, लागट नाय. लागट असता तर एवढ्यात सगला कोलीवाडा मेला असता."

"गप पड," त्यांची आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून बोलायला लागली, जणू मीच कुणी डॉक्टर आलेय. "याचा बापूस पन असाच व्हता. महिना-दोन महिने बरा असायचा, मंग ताप. चार दिवस पडायचा, उठून होडीवं जायचा. सगले बोलायचे, दारू पितो म्हनून पडतो. त्यानं कवा थेंब नाय घेतला वो. मंग पाय सुजले, लघवी बंद झाली. डॉक्टर बोलले, किडनी गेली. ताप व्हता तो किडनीत कसा गेला, ते मना आजवर कुनी नाय सांगला."

"मी सांगितलंय, आये," मॅडम आतून चहा घेऊन येत म्हणाल्या.

"तू सांगतंस. पन तू डॉक्टर नाय ना."

नंतर मला सोडायला त्या बंदरापर्यंत आल्या. वाटेत जे सांगितलं ते त्यांनी कॉलेजात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. दिनेशला लहानपणापासून हे होत आलं होतं. कुणी मलेरिया म्हटलं, कुणी टायफॉइड. क्षयाच्या गोळ्या घालून झाल्या. एकदा पोट कापून आंत्रपुच्छ काढलं, तर ते अगदी निरोगी निघालं. काटा नाही, जंतू नाही, काहीच नाही, आणि तरी शरीर मधूनच पेटून उठतं. प्रत्येक तापात यकृतातून एक प्रथिन बाहेर पडतं, आणि वर्षानुवर्षं ते मूत्रपिंडात साचत जातं. वडील तसेच गेले. मॅडम तेव्हा बारावीत होत्या. त्या जीवशास्त्राकडे वळल्या ते एवढ्याचसाठी.

"प्रयोगशाळेत असताना दिनेशची जनुकं तपासून घेतली," त्या म्हणाल्या. "अशा आजारांची जेवढी माहीत होती तेवढी सगळी. रिपोर्ट आला, दोष नाही. दिनेशनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. आईनं नारळ फोडला. त्याच आठवड्यात त्याला ताप भरला."

"मग?"

"त्यांनी जनुकं वाचली होती, बाई. जनुकांच्या मधलं कुणी वाचलंच नव्हतं."

त्यांचा संशय होता की त्या लांबच्या तुकड्यांपैकी कुठल्या तरी एकात एखादं अक्षर बदललंय आणि बंद करणारं प्रथिन तिथं बसूच शकत नाही. आपल्या मार्गदर्शकांना त्यांनी हे सांगितलंही. ते म्हणाले, एका घरावरून काही सिद्ध होत नाही. "आणि ते खोटं नव्हते बोलत," मॅडम म्हणाल्या. "तेच तर वाईट आहे." मग प्रकल्प संपला, आणि इकडे दिनेशच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली. त्या सगळं गुंडाळून घरी आल्या. उपचार करायला नव्हे. तो त्यांच्या हातात नव्हता. नुसत्या जवळ असाव्यात म्हणून.

कोळीवाड्यात दुसरं कुणी हात बांधून बसलेलं नव्हतं. एकानं आईला सांगितलं की डोंगरापलीकडे एक माणूस कळलावीचा कंद देतो, सांधे मोकळे होतात. पावसाळ्यात आमच्या कुंपणांवर कळलावीची लाल-पिवळी फुलं फुलतात, ती सगळ्यांनी पाहिलेली असतात. आईनं कंद आणून उगाळला आणि वाटी दिनेशच्या ओठाला लावली, तेवढ्यात मॅडम कॉलेजातून आल्या. त्यांनी वाटी हिसकावून अंगणात भिरकावली. शेजारीपाजारी जमले. सभ्य, कमी बोलणारी ती बाई आईवर एवढी ओरडली की सुरेखाला तिला धरून आत न्यावं लागलं.

"जीव जातो त्यानं! कळतंय का? जीव जातो!"

"मंग तू दे काय ते औषद!" आई रडत म्हणाली. "एवडी शिकलंस, तू दे!"

हे मला सुरेखानं सांगितलं.

दिनेशला एक मुलगी होती, तन्वी. मराठी शाळेत दुसरीत. शाळा सुटल्यावर कधी कधी आमच्या स्टाफरूममध्ये यायची आणि आत्याच्या खुर्चीवर बसून गोल गोल फिरायची. मॅडमना बंद केल्याशिवाय न राहवणाऱ्या गोष्टींत ती खुर्ची मोडत नव्हती. एका दुपारी शाळेतून फोन आला. मुलीच्या पोटात दुखतंय, अंग तापलंय. मॅडम तास चालू असताना खडू हातात तसाच घेऊन निघाल्या. संध्याकाळी मी गेले तर तन्वी वडिलांच्याच खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. उजवा गुडघा लाल झाला होता. दिनेश तिच्या पायथ्याशी जमिनीवर बसला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता.

मॅडमना तिचं रक्त घ्यायचं होतं. त्यांची एक जुनी सहकारी अजून त्या प्रयोगशाळेत होती. सगळा डीएनए, जनुकं आणि मधलं सगळं, वाचून द्यायला ती तयार झाली होती.

"तिला टोचायचा नाय," दिनेश म्हणाला.

"दिन्या, ऐक—"

"नाय. माझा घे पायजे तेवडा. तिच्या अंगात हाय असा कागदावं आला की संपला. हितं सगल्यांना कलंल. तिचा लगीन कोन करंल?"

"लगीन व्हायला ती जगली पायजे ना!"

मॅडम घरात कोळीवाड्याच्या बोलीत बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आई देवाकडे तोंड करून बसली. मग सुरेखा उठली, मुलीला मांडीवर घेतलं आणि तिचा हात लांब करून मॅडमसमोर धरला.

"घ्या, ताई. यांचं ऐकू नका. माझं पन ऐकू नका, मी रडले तरी."

गावातल्या दवाखान्यातल्या सिस्टरनं येऊन बापलेकीचं रक्त काढलं. बंदरावरून बर्फ आणला, मासळीचा थर्माकोलचा डबा घासून पुसून त्यात नळ्या ठेवल्या, आणि दुसऱ्या सकाळी मॅडम तो डबा मांडीवर घेऊन मुंबईच्या एसटीत बसल्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, मासळी मागं ठेवा." त्यांनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. "मासळी नाही." "मग काय आहे?" "घरची माणसं आहेत," त्या म्हणाल्या.

काही महिन्यांनी, मधल्या सुटीत, सहकारिणीचा फोन आला. दिनेशमध्ये आणि तन्वीमध्ये एक सारखा बदल सापडला होता. एकच अक्षर, आणि ते नेमकं सूज आणणाऱ्या एका जनुकापासून दूर असलेल्या तसल्याच तुकड्यात. मॅडमनी फोन ठेवला आणि माझा हात धरला.

"मला आनंद व्हायला नको, बाई. पण होतोय."

त्या दिवशी त्यांनी अख्ख्या स्टाफरूमला चहा पाजला. का, ते कुणाला सांगितलं नाही. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. आता हा तुकडा पेशींमध्ये घालून बघता येईल. तो खरंच बंद होत नाही हे दाखवता आलं तर डॉक्टरांना पटेल. योग्य औषध मागता येईल. अशी औषधं आहेत जगात, फक्त नाव नसलेल्या आजाराला ती कुणी देत नाही. सहकारीण म्हणाली होती, आता ताळा करायला घरातलं एक निरोगी माणूस हवं. आई तर लग्न होऊन या घरात आलेली, वडिलांच्या रक्ताची नव्हे, तिच्या रक्ताचा उपयोग नव्हता. मॅडमनी स्वतःचं रक्त पाठवलं. त्याच सुमाराला दिनेशची मूत्रपिंडं पार थकली होती, आणि आपलं एक त्याला द्यायचं, हेही त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. सुरेखाचा रक्तगट जुळत नव्हता, आईचं वय झालं होतं. उरल्या होत्या त्याच.

दुसरा फोन आला तेव्हा मी समोरच बसले होते. त्या ऐकत होत्या. "पुन्हा बघितलंस का?" एवढंच म्हणाल्या. मग "बरं" म्हणून फोन ठेवला आणि डब्याचं झाकण लावत राहिल्या. ते लागत नव्हतं.

"माझ्यातही आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? तुम्हालाही होणार हे?"

"चाळिशी उलटली, बाई. आजवर एकदाही झालं नाही. साधा गुडघा दुखला नाही कधी." त्यांनी झाकण बाजूला ठेवलं. "म्हणजे एक तर तो बदल निरुपद्रवी आहे, आणि मी इतकी वर्षं भलत्याच जागी खणत बसलेय. नाहीतर तोच दोषी आहे, आणि माझ्यात दुसरं काहीतरी आहे जे त्याला आवरतंय. यातलं काय खरं, ते ठरवायला आणखी माणसं पाहिजेत. माझ्या वडिलांची माणसं पाहिजेत. एक काका होता, तो समुद्रात गेला. कुठून आणू माणसं?"

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरून ठेवला.

"आणि मूत्रपिंड?" मी विचारलं.

"आता कोण घेईल माझं?"

खरंच कुणी घेतलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. हा आजार तुमच्यातही दबून असेल, तर तुम्हाला एका मूत्रपिंडावर ठेवणं धोक्याचं आहे, ते म्हणाले. मॅडम त्यांच्याशी भांडल्या. "सिद्ध करायला गेलं की म्हणतात पुरावा नाही. आणि मी भावाला द्यायला गेले की तोच पुरावा पुरतो," असं त्या मला सांगत होत्या, आणि सांगतानाच थांबल्या. "पण त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं."

दिनेशचं डायलिसिस माणगावला सुरू झालं. आठवड्यातून दोनदा घाट-वळणांचा तो रस्ता. सुट्टी असली की मॅडम बरोबर जायच्या. होडी दुसऱ्याच्या हाती गेली. तो अजूनही थट्टा करायचा, पण मधेच विसरायचा की काय बोलत होता. एकदा मी भेटायला गेले तेव्हा त्यानं बहिणीला विचारलं, "बाय, तुझ्यात पन तोच हाय ना? मंग तुला का नाय झाला?" त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. मॅडम उठून मागच्या दारी गेल्या. त्या कितीतरी वेळ आत आल्या नाहीत. तो आपला दाराकडे बघत राहिला. "मी कशाला इचारला," तो म्हणाला. "तिला माहीत असता तर तिनं सांगितला नसता?"

तो गेला तो डायलिसिसहून परतताना, गाडीतच, म्हसळ्याच्या अलीकडे. सुरेखाच्या खांद्यावर डोकं होतं. तिला वाटलं, झोपलाय.

मॅडम लवकरच कामावर रुजू झाल्या. स्टाफरूममध्ये कुणीतरी भल्या मनानं म्हणालं, "दैवापुढं कुणाचं चालतंय, मॅडम." त्या पेपर लावत होत्या. त्यांनी मान वर केली.

"दैव नाही!" पेपर सगळे टेबलावर आपटले, अर्धे खाली पडले. "दैव नाही ते! अक्षर आहे! त्याच्या अंगातलं कुठलं तरी एक अक्षर आहे, आणि मला ते सापडत नाहीये!"

शिपायापासून सगळे दारात येऊन उभे राहिले. मॅडम खाली वाकल्या आणि पेपर गोळा करायला लागल्या. मीही वाकले. त्या क्रमानं लावायचा प्रयत्न करत होत्या, आणि डोळ्यांतल्या पाण्यानं त्यांना क्रमांक दिसत नव्हते.

तन्वीला मधूनमधून ताप येतच होता. मुंबईत एक वयस्क डॉक्टर भेटले. ते म्हणाले, आजाराला नाव मिळेल तेव्हा मिळेल, तोवर एक जुनी गोळी देऊन बघू. संधिवाताच्या एका जातीवर ती पूर्वीपासून देतात. मॅडमना ती गोळी माहीत होती. आईला मात्र त्यांनी लपवून ठेवलं नाही. कळलावीत जे असतं तेच त्या गोळीत असतं, हे त्यांनी सांगून टाकलं. म्हातारी बघतच राहिली.

"मंग मी दिनेशला देत व्हते तो..."

"तो विषच होता, आये. कंदात किती असतं ते कुणाला माहीत? हे मापून दिलेलं असतं."

"पन तोच व्हता ना?"

ही गोळी दिनेशला कुणी वेळेवर दिली असती तर? हा प्रश्न त्या घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण तो त्या दिवसापासून तिथंच राहायला आला. त्याचं उत्तर मॅडमकडेही नव्हतं. मला एकदा एवढंच म्हणाल्या, "मी जनुकाच्या मागं लागले, बाई. गोळीचा विचार माझ्याही मनात आला होता. पण निदान नसताना मागायची कशी, म्हणून थांबले. शास्त्र शिकलेलं माणूस थांबतं."

गोळी काही काळ लागू पडली. तन्वी शाळेत जायला लागली, खुर्चीवर पुन्हा फिरायला लागली. कुणी विचारलं, "कशी आहे तन्वी?" तर मॅडम म्हणायच्या, "आज बरी आहे." कधीच नुसतं "बरी आहे" नाही म्हणाल्या. मग एका सकाळी ताप परत आला. गोळीचं प्रमाण वाढवलं तर पोट बिघडलं. कमी केलं तर गुडघा सुजला. त्या आठवड्यात मॅडमनी राजीनामा दिला. जुन्या प्रयोगशाळेत हंगामी काम मिळत होतं, हुद्दा पूर्वीपेक्षा खालचा. पण जवळ मोठं इस्पितळ होतं, आणि त्या तुकड्याचं काय होतं ते स्वतःच्या हातानं बघता येणार होतं. सुरेखानं आईजवळ राहायचं आणि मुलीला आत्यानं न्यायचं, असं ठरलं. सुरेखानं एका शब्दानं विरोध केला नाही. तन्वीचे कपडे तिनं स्वतः बॅगेत भरले आणि सगळं झाल्यावर एक फ्रॉक परत बाहेर काढून ठेवला.

निरोप समारंभ घेऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. त्यामुळे मला वाटलं होतं की त्या गेल्या, आता भेट नाही.

पण दिवाळीनंतर माहेराहून परत येताना मी माणगावच्या स्टँडवर उतरले, तर फलाटाच्या टोकाच्या बाकावर मॅडम दिसल्या. मुलीला आईकडे दिवाळीला आणलं होतं, तिला घेऊन परत चालल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. दुपारचं ऊन बाकावर येत होतं आणि त्यांनी ओढणी मुलीच्या तोंडावर आडवी धरली होती. तन्वी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. लांब झाली होती, पाय बाकाखाली लोंबत होते.

मी शेजारी बसले. तुकड्याचं काय झालं, विचारलं. त्या म्हणाल्या, काही पेशींमध्ये तो बंद होत नाही असं दिसतंय, काही पेशींमध्ये होतो. "म्हणजे अजून काहीच नाही," त्या म्हणाल्या. "आणखी एका घरातली माणसं मिळालीत, लांबची, आपल्याकडची नव्हेत. बघू." त्या सावकाश बोलत होत्या, थकलेल्या माणसासारख्या, पण थांबत नव्हत्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या.

"मोरेबाई, जरा हिच्या कपाळाला हात लावून बघता का? मला आता कळेनासं झालंय. दिवसातून इतक्यांदा बघते की मला ती गरमच लागते."

मी ओढणी बाजूला करून हात लावला. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आहे," मी म्हटलं. "थोडा आहे."

त्यांनी मान हलवली. थर्मामीटर काढला नाही, गोळी शोधली नाही. बोरिवलीची गाडी फलाटाला लागली. तन्वी अर्धवट जागी झाली. "आत्या, गाडी आली?" "आली, बाय. तू झोप." एवढी मोठी मुलगी त्यांनी खांद्यावर घेतली आणि पायऱ्या चढल्या. बॅगा मी खिडकीतून दिल्या. त्यांनी त्या पायाशी सरकवल्या, मुलीला खिडकीकडच्या बाजूला घेतलं, गाडी हलली तेव्हा मला काहीतरी म्हणाल्या. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

गाडी वळून महामार्गाला लागेपर्यंत मी उभी होते. खिडकीत त्यांचं तोंड दिसत नव्हतं. हात दिसत होता, तन्वीच्या कपाळावर ठेवलेला.